वडिलांचीं दोन घड्याळें

पुष्कळ घरांतून असें आढळतें कीं, देवघराशेजारच्या फडताळांत किंवा जुन्या लोखंडी पेटीच्या तळाशीं रुमालांत गुंडाळलेलें एक बंद घड्याळ पडलेलें असतें. तें कोणी वापरीत नाहीं, आणि टाकून द्यावें असेंही कोणास वाटत नाहीं. दिवाळीच्या आवराआवरींत तें एकदां हातीं येतें, कोणी तरी कानाशीं धरून हालवून पाहतें, आणि तें पुन्हां रुमालांत जातें. अशा एका घड्याळाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हकीकत घड्याळाची खरी. परंतु तींत आमच्या एका जुन्या अपराधाचा भाग येतो, आणि तो वगळून ती सांगूं गेल्यास अर्धीच राहील.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. नांदेड येथें आमच्या बिऱ्हाडीं सकाळीं स्नानास जातांना आम्हीं मनगटावरील घड्याळ काढून कोनाड्यांत ठेविलें. तें निसटून शहाबादी फरशीवर पडलें. उंची फार नव्हती. कांचेस चरासुद्धां गेला नाहीं. पण कानाशीं धरून पाहतों तों आंत सर्व शांत! हालविलें म्हणजे क्षणभर कांहीं तरी लटपटे आणि पुन्हां थांबे. सातव्या इयत्तेंत शिकणारी आमची नात तेथेंच उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, वेळ तर मोबाइलवर दिसतेच. मग हें कशाला हवें?" प्रश्न बिनतोड होता. मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत आमचीं अडतीस वर्षें गेलीं. परंतु त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

घड्याळ एच. एम. टी.चें, 'जनता' नांवाचें, हातानें चावी देण्याचें. पांढरी तबकडी, आणि तिच्यावर देवनागरींत नांव. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानांतील सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि पहिलीं घड्याळें पंडित नेहरूंच्या हस्तें बाहेर पडलीं. पुढें जनता, सोना, पायलट, कोहिनूर अशीं किती तरी नांवें घरोघर झालीं. मुलगा मॅट्रिक झाला, नोकरीस लागला, किंवा जांवई नवा आला, कीं एच. एम. टी.चें घड्याळ द्यावयाचें, ही एक रीतच पडून गेली होती. मागणी फार आणि माल थोडा. तेव्हां पैसे हातांत असूनही वाट पाहावी लागे.

आमचे वडील लातुरास प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. लातूर हें त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. स्वतंत्र जिल्हा तें १९८२ सालीं झालें. वडिलांजवळ स्वतःचें घड्याळ कधींच नव्हतें. सकाळची वेळ ते अंगणांतील तुळशीवृंदावनाच्या सावलीवरून सांगत, आणि इतर वेळीं बार्शी लाइट रेल्वेच्या शिटीकडे त्यांचा कान असे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती लहानशी गाडी १९११ सालापासून लातुरास येत असे. लग्नकार्यांत घटिका घालण्यासाठीं त्यांस मुद्दाम बोलावणें येई. घंगाळांतील पाण्यावर बुडाशीं सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली. त्या वाटीकडे पाहत वडील अगदीं स्तब्ध बसत. वेळ ही पाहत बसण्याची वस्तु आहे, हें आम्हीं त्यांच्यापासूनच शिकलों.

१९७४ च्या जून महिन्यांत आम्ही मॅट्रिक झालों, आणि त्याच महिन्यांत आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असूं, एका कचेरींत कारकून म्हणून लागले. वडिलांनीं हैदराबादेच्या एका आप्तास लिहून दोन 'जनता' घड्याळें आणविलीं. दोन्ही अगदीं एकसारखीं. किंमत त्यांनीं आम्हांस कधींच सांगितली नाहीं. गुरुपौर्णिमेच्या दिवशीं देवापुढें ठेवून एक दादांच्या व एक आमच्या हातीं बांधलें, आणि म्हणाले, "याला रोज एकाच वेळीं चावी द्यावी. चावी देण्यास एक मिनिट लागतें. विसरण्यास तेवढेंही लागत नाहीं." दादांनीं तें वाक्य पाळलें. ते सकाळीं सातला, आकाशवाणीवर बातम्या लागल्या म्हणजे, वेळ मिळवून चावी देत. आम्ही मधून मधून विसरत असूं, आणि मग दादांच्या घड्याळावरून आपलें लावून घेत असूं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां आम्ही गणपतीसाठीं लातुरासच होतों. आदल्या रात्रीं विसर्जन करून सर्व मंडळी उशिरां निजलीं होतीं. घर हालूं लागलें. भांडीं फळीवरून खालीं आलीं. दादांनीं आईस उचलून अंगणांत आणिलें. सर्व माणसें बाहेर आलीं अशी खात्री झाल्यावर त्यांनीं मनगटाकडे पाहिलें व म्हणाले, "चाराला चार मिनिटें कमी." पुढें वर्तमानपत्रांत वेळ आली ती तीच: ३ वाजून ५६ मिनिटें. त्या दिवशीं जवळजवळ दहा हजार माणसें गेलीं. आमच्या वाड्याची एक भिंत तेवढी फाटली. त्यानंतर महिनाभर आम्हीं दोघे भाऊ अंगणांत बाजेवर शेजारीं शेजारीं निजत होतों. हें येथें मुद्दाम लिहितों. कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्यावरून आमच्यांत कधीं प्रेमच नव्हतें असा कोणाचा समज होऊं नये.

असो. घड्याळ बंद पडलें, आणि आम्ही तें घेऊन जुन्या नांदेडांतील एका घड्याळजींकडे गेलों. बोळाच्या तोंडाशीं, कांचेच्या कपाटाएवढें त्यांचें दुकान. गृहस्थ मुसलमान, वय सत्तरीच्या पलीकडे. त्यांचे वडीलही हाच धंदा करीत, आणि निजामी अमदानींत वेस्ट एंड, फाव्हर ल्यूबा अशीं विलायती घड्याळें त्यांच्या हाताखालून गेलेलीं. डोळ्यास भिंग लावून त्यांनीं पाठीमागचें झांकण उघडलें, आणि आमची जिज्ञासा पाहून दुसरें एक भिंग आमच्या हातीं दिलें. पन्नास वर्षें जें मनगटावर वागविलें त्याचें अंतरंग आम्हीं त्या दिवशीं प्रथमच पाहिलें.

चावी फिरविली म्हणजे एका चपट्या डबींत गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळली जाते. हीच मुख्य स्प्रिंग. ती उलगडूं पाहते, आणि तिच्या त्या उलगडण्याच्या जोरावर चाकांची माळ फिरते. जोर एकदम निघून जाऊं नये म्हणून शेवटीं नांगराच्या आकाराचा एक पॅलेट असतो. तो दर खेपेस चाकाचा एकच दांता सोडतो. आणि त्यानें केव्हां सोडावें हें ठरविणारा तो बॅलन्स: केंसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधारानें पुढें-मागें झोके घेणारें एक चिमुकलें चक्र. चक्रांचे आंस झिजूं नयेत म्हणून त्यांचीं टोंकें कृत्रिम माणकांत बसविलेलीं असतात. 'जनता'मध्यें अशीं सतरा माणकें असतात. टकटक असा जो आवाज आपण ऐकतों तो या पॅलेटचा. तो सेकंदास पांच वेळां होतो. तासास अठरा हजार. आम्हीं तेथेंच बोटांवर गुणाकार केला. एका पलांत, म्हणजे चोवीस सेकंदांत, १२० ठोके, घटिकेस ७,२००, आणि अहोरात्रांत ४,३२,०००. पुराणांत कलियुगाचीं वर्षें सांगितलीं आहेत तींही इतकींच! एवढेंसें यंत्र एका दिवसांत कलियुगाचीं वर्षें मोजून दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करतें, हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. घड्याळजींस ती सांगितली, तेव्हां ते हंसून म्हणाले, "गुरुजी, गिनती तो ठीक है, मगर इसका स्टाफ टूट गया."

स्टाफ म्हणजे बॅलन्सचा आंस. त्याचें टोंक केंसाएवढें बारीक असतें, आणि पडझडींत तेंच प्रथम मोडतें. तें मोडूं नये अशी तजवीज 'जनता'मध्यें केलेली असते. टोंकावरील माणीक घट्ट न बसवितां एका नाजूक कमानींत धरून ठेवलेलें असतें. धक्का बसला कीं तें किंचित् सरकतें व पुन्हां जागेवर येतें. तबकडीवर 'पॅरा शॉक' असें लिहिलेलें असतें त्याचा अर्थ हाच. मग आमचा स्टाफ मोडला कसा? तर सात वर्षांपूर्वीं कोणा एका दुरुस्ती करणारानें ती कमान हरवून टाकिली होती, आणि माणीक चक्क चिकटवून दिलें होतें. वर सर्व ठीक दिसत होतें. पण आंत लवचिकपणा उरला नव्हता. धक्का आला तो सरळ आंसावर. "कमान रहती तो कुछ नहीं होता," घड्याळजी म्हणाले. माणसांच्या संबंधांतही अशी एखादी कमान असते, आणि ती हरवली आहे हें धक्का बसेपर्यंत कोणास कळत नाहीं, असा विचार त्या वेळीं मनांत येऊन गेला. तो आम्हीं लगेच दूर सारला. कां, तें पुढें येईल.

आतां नवा स्टाफ पाहिजे. पूर्वीं सुटे भाग सहज मिळत. पुढें क्वार्ट्झ घड्याळें आलीं. त्यांस चावी नको आणि तेलही नको. १९८७ पासून टायटनचीं घड्याळें बाजारांत दिसूं लागलीं, आणि चावीचीं घड्याळें मागें पडत गेलीं. शेवटीं जानेवारी २०१६ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. योगायोग असा कीं, आम्हीही त्याच वर्षीं शाळेंतून निवृत्त झालों. तेव्हांपासून सुट्या भागांचा जो सांठा व्यापाऱ्यांजवळ उरला तो उरला. त्यांतून एक गेला कीं एक कमी.

घड्याळजींनीं आपल्या सर्व डब्या पालथ्या घातल्या. पत्र्याच्या लहान लहान डब्या, प्रत्येकीवर उर्दूंत चिठ्ठी. आमच्या जातीचा स्टाफ त्यांत नव्हता. मुंबईस असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें चोरबाजारांत मटण स्ट्रीटवर दोन रविवार घालविले. त्यास 'जनता' घड्याळें पुष्कळ दिसलीं. पण बरींचशीं तबकडी नव्यानें रंगवून, एकाचें यंत्र व दुसऱ्याचे कांटे जुळवून उभीं केलेलीं. चिरंजीवांनीं मोबाइलवरून एक स्टाफ मागविला. तो आला; कागदावर नांव बरोबर होतें, पण घड्याळजींनीं चिमट्यानें उचलून मापावर धरला तों जातीचा निराळा निघाला. दुसऱ्या खेपेस सबंध बॅलन्सच आला, तर त्याची केंसस्प्रिंग वाटेंत पिरगळून गेलेली. तांदळाच्या कणीहून लहान अशा एका वस्तूसाठीं दोन महिने गेले. अखेर एके दिवशीं घड्याळजी म्हणाले, "गुरुजी, बॅलन्स और बाल-कमानी का जोड़ा एक ही घड़ी का चाहिए. इसका जुड़वा कहीं हो तो लाओ."

जुळें कोठें आहे हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. तें लातुरास, दादांच्या घरीं होतें. आणि त्या घराची पायरी आम्ही एका तपाहून अधिक काळ चढलों नव्हतों.

वडील २००३ सालीं गेले, आई २०१० सालीं. आईचें शेवटचें वर्ष अंथरुणांत गेलें, आणि तिचें सर्व दादांनीं व वहिनींनीं केलें. आम्ही नांदेडास नोकरीवर; सुटींत जात असूं, चार दिवस बसून येत असूं. पुढच्या वर्षीं वाडा विकण्याचें ठरलें. पैशाची वांटणी करावयास बसलों असतां, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर आमच्याच बुद्धीनें, आम्हीं दादांजवळ आईच्या आजारपणाचा हिशेब मागितला. दादांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें. मग उठून आंत गेले, आणि एक वही आणून आमच्यापुढें ठेविली. त्यानंतर ते आमच्याशीं बोलले नाहींत.

ती वही आम्हीं त्याच रात्रीं वाचली. औषधाची बाटली, बाईचा पगार, मोसंबीं. सर्व तारीखवार, सुवाच्य अक्षरांत. आम्हीं पाठविलेली प्रत्येक रक्कम जमेस धरलेली होती. बेरीज केल्यावर असें निघालें कीं, दादांनीं आमच्या दुप्पट खर्च केला होता, आणि तो त्यांनीं कोणास सांगितला नव्हता. सकाळीं उठून दादांच्या पायांवर डोकें ठेवावें एवढेंच काम शिल्लक होतें. तें आमच्यानें झालें नाहीं. आम्हीं वही ओट्यावर ठेविली आणि पहिल्या बसनें नांदेडास आलों. आज लाज वाटली, उद्यां जाऊं असें वाटलें. आणि उद्यां मात्र कालच्या न जाण्याचीच लाज वाटूं लागली. लाज ही वस्तु सांठविली म्हणजे तिचा ताठा होतो. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें, तें वर्तमानपत्रांत वाचून दादांच्या घरीं पाण्याचें कसें असेल असें मनांत आलें. पण फोन केला नाहीं. २०२१ च्या साथींत दादा गेले. टाळेबंदी होती, प्रवास कठीण होता, हें सर्व खरें. परंतु चिरंजीव परवानगी काढून गेले, आणि आम्ही गेलों नाहीं. वाटेंत अडचण होती ती आमच्याच पायांत होती.

आमच्या सौभाग्यवती अशा प्रसंगीं थोडकें बोलतात. त्या म्हणाल्या, "घड्याळाच्या निमित्तानें कां होईना, जा. जाऊबाई एकट्या असतात." आश्विनांत एके सकाळीं आम्ही निघालों. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत बस दुपारीं लातुरास पोंचली. पेढे घेण्यासाठीं गंजगोलाईंत गेलों, आणि देवीच्या देवळासमोर उभे राहून त्या सोळा रस्त्यांपैकीं आपला कोणता हें आम्हांस क्षणभर उमगेना. ज्या ठिकाणीं लहानपण गेलें तेथें वाट विचारावी लागली.

वहिनींनीं दार उघडलें. केंस सर्व पांढरे झालेले. त्या एवढेंच म्हणाल्या, "या भाऊजी. हातपाय धुवा, पान वाढतें." जणूं कांहीं आम्ही मागच्याच महिन्यांत येऊन गेलों होतों! मनांत योजून ठेविलेलें होतें तें असें: दादांचें घड्याळ त्यांच्यामागें बंद पडलेलें असेल, बंद घड्याळांतील एक भाग काढून दुसरें चालूं झालें तर त्यांत गैर कांहीं नाहीं, दादांचाच भाग आमच्या मनगटावर राहील, हेंही बोलावयास बरें. जेवण झाल्यावर आम्ही देवघरांत नमस्कारास गेलों. दादांच्या तसबिरीखालीं तें घड्याळ ठेविलेलें होतें. वांकलों तों कानांवर आवाज आला. घड्याळ चालूं होतें.

वहिनी मागें उभ्या होत्या. "मी देतें चावी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यांत नेतांना हातांतून काढून माझ्याजवळ दिलें, आणि म्हणाले, 'सातला चावी देत जा, मी येईपर्यंत बंद पडूं देऊं नकोस.' मग काय, देतें रोज."

आम्हांस पुढें बोलवेना. पण चिरंजीवांनीं फोनवर अगोदरच सर्व सांगून ठेविलें होतें. वहिनींनीं घड्याळ उचलून आमच्या हातांत ठेविलें. "न्या तुम्ही. तुमचें सुरू होत असेल तर त्यांना आनंदच वाटेल. माझें काय, संवय आहे, ती सुटेल."

ज्या घड्याळास त्या माउलीनें एवढीं वर्षें एक दिवसही थांबूं दिलें नाहीं, त्याचें काळीज काढून आम्हीं आपल्या घड्याळांत घालावयाचें! हातांत तें टकटक करीत होतें. तेव्हां जें एका तपापूर्वीं ओट्यावर बोलावयास हवें होतें तें आम्हीं तेथें देवघरांत बोललों. "वहिनी, ती वही आम्हीं वाचली होती. त्याच रात्रीं वाचली होती. दादांचेच पैसे आमच्याकडे निघत होते."

वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "ठाऊक होतें त्यांना. ते म्हणत, 'धाकट्यानें वही वाचली, म्हणूनच तो येत नाहीं. वाचली नसती तर भांडावयास तरी आला असता.'" आणि थोड्या वेळानें, "त्यांनीं ती वही पुन्हां कधीं उघडली नाहीं. तुम्हीही आतां मिटा."

संध्याकाळीं निघतांना वहिनींनीं घड्याळाची एक तक्रार सांगितली. अलीकडे तें रोज पंधरा-वीस मिनिटें मागें पडे, आणि कधीं कधीं पहांटेपूर्वींच थांबे. म्हणून त्या रात्रीं निजतांना आणखी एकदां चावी देत. आम्ही म्हणालों, "आठ दिवसांसाठीं देतां? तेल-सफाई करून आणून देतों. भाग काढावयास नेत नाहीं, शब्द देतों." त्यांनीं दिलें. वाटेंत बसमध्यें दोन्ही घड्याळें आमच्या एकाच खिशांत होतीं. एक चालूं, एक बंद.

घड्याळजींस आम्हीं सर्व हकीकत सांगितली. ते म्हणाले, "आप कहते तो भी मैं नहीं निकालता. चलती घड़ी का बॅलन्स कौन निकालता है?" दादांचें घड्याळ त्यांनीं खोललें. तेल वाळून चाकांच्या टोंकांशीं काळें चिकट झालें होतें. तें सर्व पेट्रोलांत धुतलें. खरा दोष मुख्य स्प्रिंगमध्यें निघाला. पन्नास वर्षें आवळून सुटून तिची ताकद गेली होती. पूर्ण चावी दिली म्हणजे असें घड्याळ दीड दिवस चालावें. हें दिवसभरही धड चालत नव्हतें. बाजारांत मिळणाऱ्या स्प्रिंगांवर घड्याळजींचा विश्वास नव्हता. पण आमच्या बंद घड्याळांतील स्प्रिंग चांगली होती. ज्या दुरुस्ती करणारानें कमान हरवली त्यानेंच, न्यायानें बोलावयाचें तर, सात वर्षांपूर्वीं ही स्प्रिंग मात्र उत्तम घातली होती. घड्याळजींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, "काढा."

एका भागाची याचना करावयास गेलेले आम्ही, भाग देऊन मोकळे झालों. आतां दादांच्या घड्याळांत ठोके दादांचे आहेत, आणि ते चालविणारा जोर आमच्या घड्याळाचा आहे. मग तें घड्याळ कोणाचें? नैयायिकांस विचाराल तर ते अवयवी हा अवयवांहून निराळा मानतात. एक अवयव बदलला तर जुना अवयवी जाऊन नवा उत्पन्न झाला असें ते म्हणतील. बौद्धांचा नागसेन मिलिंद राजास रथाचा दाखला देऊन सांगतो कीं, चाकें, आंस, जूं यांहून वेगळा रथ म्हणून कांहीं नाहींच. आम्ही मात्र गोदातीरीं राहणारे. आज घाटावरून जें पाणी जातें तें कालचें नव्हे. तरी स्नान करणारा कालच्याच गोदावरींत करतो. वाहणें चालूं असलें म्हणजे नदी तीच. वहिनींनीं जें चालूं ठेविलें तें घड्याळ दादांचेंच, स्प्रिंग कोणाचीही असो.

आठव्या दिवशीं आम्हीं तें लातुरास पोंचतें केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातला वहिनींनीं चावी दिली, आणि तें पुढल्या सकाळच्या सातापर्यंत एकाही मिनिटाचा फरक न पडतां चाललें, असें त्यांनीं आपण होऊन फोन करून कळविलें. तेव्हांपासून महिन्यांतून एकदां आमची लातूरची फेरी असते. दादांच्या वहींत आमच्याकडे जें निघत होतें तें आम्हीं वहिनींस देऊं केलें. त्यांनीं घेतलें नाहीं. पुतण्याच्या मुलीच्या शिक्षणास लावावें असें शेवटीं ठरलें आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या फडताळांत असें घड्याळ असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवतों. चावी रोज एकाच वेळीं द्यावी, आणि हातास अडल्याचें कळतांच थांबावें. चार-पांच वर्षांनीं तेल-सफाई करून घ्यावी. घड्याळ चालतें आहे म्हणून तेल ओलें आहे असें नव्हे. दुरुस्तीस दिल्यास काय काय बदललें तें लिहून घ्यावें, आणि काढलेले जुने भाग मागून आणावे. तबकडी डागाळली तरी रंगवूं नये. तो डाग घरच्याच कोणाच्या तरी घामाचा असतो. आणि भाग मिळत नसेल तर घाई करूं नये. प्रथम आपल्याच आप्तांकडे चौकशी करावी. भाग नाहीं मिळाला तरी जाणें होतें.

आमचें स्वतःचें घड्याळ अजून बंद आहे. तें घड्याळजींच्या एका पत्र्याच्या डबींत, सुट्या भागांत, त्यांच्या उर्दू चिठ्ठीखालीं आहे. हैदराबादच्या एका जुन्या व्यापाऱ्यास त्यांनीं स्टाफविषयीं लिहिलें आहे. नातीनें परवां पुन्हां विचारलें, "आजोबा, मग आतां तुम्ही वेळ कशावर पाहतां?" आम्हीं सांगितलें, "सकाळीं सातला लातुराला फोन लावतों. तिकडे चावी दिली कीं इकडे सात वाजले."